पडद्यावर पाच इशारे, बिघाड कदाचित एकच

जुलैतली सकाळ. रात्रभर पाऊस पडून गेलाय. पुण्यात बाणेरच्या सोसायटीतून गाडी निघाली तेव्हा सगळं ठीक होतं. विद्यापीठ चौकात पोचेपर्यंत समोरच्या पडद्यावर एकामागून एक संदेश येऊ लागले: एबीएस बंद, ईएसपी बंद, हिल असिस्ट उपलब्ध नाही, पार्किंग ब्रेकमध्ये दोष, क्रूझ कंट्रोल बंद. (एबीएस जोरात ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ देत नाही, ईएसपी गाडी घसरू देत नाही, हिल असिस्ट चढावर ती मागे जाऊ देत नाही.) गाडी चालतेय, ब्रेकही लागतोय, पण साठ-सत्तर लाखांच्या गाडीने असे पाच संदेश एकदम दाखवले की माणूस हादरतो. पाच गोष्टी बिघडल्या म्हणजे पाच पार्ट आणि पाच बिलं, असाच हिशोब आधी मनात येतो.

बहुतेक वेळा तो हिशोब चुकीचा असतो. अशा वेळी कारण सहसा एकच निघतं आणि अनेकदा ते साधंच असतं. मात्र ते शोधायला वेळ द्यावा लागतो, आणि आपल्याकडे नेमक्या त्या वेळेचे पैसे द्यायला ग्राहक तयार नसतो आणि मागायला गॅरेजवाला कचरतो. मग 'सेन्सर बदलून बघू' सुरू होतं. पाचशे रुपयांच्या दुरुस्तीसाठी पन्नास हजारांचे पार्ट बदलले जातात ते याच वाटेने. हे टाळायचं असेल, तर हे इशारे तयार कसे होतात ते गाडीच्या मालकाला थोडं तरी माहीत हवं. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही.

गाडीच्या आतली बोलणी

पूर्वी हेडलाइटचं बटण दाबलं की त्या बटणातून निघालेली वायर रिलेमार्गे थेट दिव्यापर्यंत जायची. दिवा लागला नाही तर बल्ब, फ्यूज, वायर, बटण एवढंच तपासायचं. आजच्या आलिशान गाडीत सत्तर-ऐंशी, कधी शंभराच्या वर छोटे संगणक असतात. गॅरेजच्या भाषेत ही मॉड्यूल. इंजिनाचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, ब्रेकचं, एअरबॅगचं, प्रत्येक दाराचं, सीटचं, डिकीच्या झाकणाचंसुद्धा. या सगळ्यांना एकमेकांकडून माहिती लागते. प्रत्येक माहितीसाठी स्वतंत्र वायर टाकायची म्हटलं, तर वायरिंगचं वजनच गाडीला झेपणार नाही.

यावर बॉश कंपनीने १९८६ मध्ये तोडगा जगासमोर मांडला, त्याचं नाव कॅन. एकमेकींना पीळ दिलेल्या दोनच वायर आणि त्यांवर सगळी मॉड्यूल जोडलेली. १९९१ च्या सुमारास मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ही पद्धत आली, आणि आज रस्त्यावरच्या जवळपास प्रत्येक नव्या गाडीत ती आहे.

या दोन वायरींवर काय चालतं ते समजायला सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप डोळ्यांसमोर आणा. तिथे निरोप कोणा एकाच्या नावाने नसतो. तो सगळ्यांना दिसतो; ज्याचा संबंध असेल तो वाचून कामाला लागतो, बाकीचे सोडून देतात. वॉचमन रोज सकाळी 'पाणी सोडलं' असा निरोप टाकतो. एक दिवस तो आला नाही, की पहिल्या मजल्यावरून विचारणा, तिसऱ्यावरून तक्रार, सातव्यावरून संताप. तक्रारी तीन, पण चुकलेला निरोप एकच.

गाडीत ब्रेकचं मॉड्यूल चारही चाकांचा वेग सेकंदाला कित्येक वेळा या वायरींवर टाकत असतं. ईएसपीला तो लागतो, कारण कुठलं चाक घसरतंय हे त्यावरूनच कळतं. हिल असिस्टला गाडी मागे सरकतेय का हे त्यावरूनच कळतं. क्रूझ कंट्रोल, इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक, गिअरबॉक्स, स्पीडोमीटर, वेगाप्रमाणे जड-हलकं होणारं स्टिअरिंग, सगळ्यांचं काम याच आकड्यांवर चालतं. एका चाकाचा वेग येईनासा झाला की यांतला प्रत्येकजण स्वतःचं काम थांबवतो आणि तसं पडद्यावर सांगतो. तसं सांगणं योग्यच आहे. ज्या आकड्यावर भरवसा नाही, त्याच्या जोरावर ओल्या रस्त्यात एखादं चाक ब्रेकने दाबण्यापेक्षा ईएसपीने गप्प बसलेलं बरं.

म्हणून पडद्यावरचा संदेश वाचताना एक ध्यानात ठेवावं. 'ईएसपी बंद' याचा अर्थ ईएसपी बिघडलं असा होत नाही. ईएसपीला हवी ती माहिती मिळत नाही म्हणून त्याने हात वर केलेत, एवढाच त्याचा अर्थ.

थांबायचं कधी

तपासणीकडे वळण्याआधी सुरक्षेचं बोलून घेऊ. लाल इशारा आला तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन थांबायचं. ऑइल प्रेशर, इंजिनाचं तापमान, ब्रेक ऑइल, चार्जिंग, यांपैकी काहीही लाल झालं तर 'एवढा कात्रजचा घाट उतरतो आणि मग बघतो' असं अजिबात करू नका. ऑइल प्रेशर गेलेलं असताना इंजिन चालू ठेवलं तर काही मिनिटांत बेअरिंगं खराब होऊ शकतात. पिवळा इशारा म्हणजे चालवा, पण लवकर दाखवा. त्यातही इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये जाळ नीट होत नाहीये आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग) तापवतंय. पाय हलका ठेवा आणि जवळच्या गॅरेजपर्यंतच जा.

एबीएस-ईएसपीचे पिवळे दिवे लागले तरी साधा ब्रेक चालतो. मात्र ओल्या रस्त्यावर चाक लॉक होऊ शकतं, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा.

आणि इंजिन बंद करण्याआधी पडद्याचा फोटो काढा. अनेक संदेश गाडी पुन्हा चालू केल्यावर दिसत नाहीत. फोटोसोबत फोनमध्ये दोन ओळी लिहून ठेवा: किलोमीटर किती झाले होते, पाऊस होता का, गाडी थंड होती की तासभर चाललेली, वळणावर होतात की खड्ड्यात आपटली होती. चांगल्या तंत्रज्ञाला या दोन ओळी फार उपयोगी पडतात.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

स्टिअरिंगच्या खाली, पायाशी, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून ते सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, आणि भारतातही बीएस-४ या प्रदूषण नियमांच्या काळात ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. त्यात स्कॅनर जोडला की मॉड्यूलच्या स्मरणात साठलेले दोषांचे कोड वाचता येतात.

कोडचं पहिलं अक्षर त्याचं घर सांगतं. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन-स्टिअरिंग, बी म्हणजे बॉडी, त्यात एअरबॅग, एसी, सीट वगैरे. यू म्हणजे मॉड्यूलांमधला संवाद. पी ०३०० म्हणजे सिलिंडरांमध्ये कुठेतरी जाळ चुकतोय. यू ०१२१ म्हणजे ब्रेकच्या मॉड्यूलशी संपर्क तुटलाय. हे सर्वसाधारण कोड झाले. याशिवाय प्रत्येक कंपनीचे स्वतःचे हजारो कोड असतात, आणि महागड्या गाडीत खरी माहिती बहुतेक त्यांतच असते.

ऑनलाइन मिळणारे हजार-दीड हजाराचे ब्लूटूथ डाँगल इथेच तोकडे पडतात. ते मुख्यतः प्रदूषणाशी संबंधित सर्वसाधारण कोड वाचतात. एअर सस्पेन्शन, एअरबॅग, पार्किंग ब्रेक यांच्या मॉड्यूलांपर्यंत ते सहसा पोचत नाहीत. डाँगलने 'कोड नाही' म्हटलं म्हणून गाडीत दोष नाही असं समजू नका. असा डाँगल सॉकेटमध्ये कायमचा खोचून तर मुळीच ठेवू नका. काही गाड्यांत त्यामुळे मॉड्यूल झोपत नाहीत आणि बॅटरी उतरते.

आता कोडच्या वाक्यातले शेवटचे शब्द. मालक आणि गॅरेज दोघांकडूनही ते वाचायचे राहतात. समजा कोड म्हणतो, 'डावं पुढचं चाक, वेग सेन्सर'. त्यापुढे 'सर्किट तुटलेलं' असेल तर शोध वायर आणि कपलरकडे, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगकडे, जातो. 'अर्थला शॉर्ट' असेल तर वायर कुठेतरी सोलून लोखंडाला टेकलीय. 'सिग्नल पटण्याजोगा नाही' असेल तर सेन्सर बोलतोय, पण त्याचं म्हणणं बाकीच्या तीन चाकांशी जुळत नाही; म्हणजे शोध बेअरिंग, चुंबकी रिंग, अगदी टायरच्या मापापर्यंत जातो. तिन्ही ठिकाणी स्कॅनरच्या पडद्यावर 'सेन्सर' हाच शब्द आहे आणि तिन्ही ठिकाणी सेन्सर धडधाकट असू शकतो.

कोडबरोबर मॉड्यूल त्या क्षणाची नोंदही ठेवतं: वेग, इंजिनाचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, अनेक गाड्यांत तो दोष पहिल्यांदा कितव्या किलोमीटरला आला आणि एकूण किती वेळा आला हेही. त्यामुळे गाडी गॅरेजमध्ये लावल्या लावल्या कोणी 'कोड उडवून बघतो, परत येतो का' म्हणालं, तर नम्रपणे थांबवा. 'दादा, आधी सगळ्या गाडीचा स्कॅन करून रिपोर्ट सेव्ह करा, मग उडवा,' एवढं म्हणायला हरकत नाही. कोड उडवला की ही नोंदही जाते आणि शोध पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

आधी बॅटरी

संपूर्ण स्कॅनमध्ये वीस-पंचवीस कोड निघाले तर घाबरू नका. ते किलोमीटरप्रमाणे लावून पाहायचे. दहा-बारा वेगवेगळ्या मॉड्यूलांनी एकाच किलोमीटरला 'व्होल्टेज कमी' किंवा 'संपर्क तुटला' असं नोंदवलं असेल, तर त्या क्षणी बॅटरी लंगडली होती, आणि बाकीचे कोड हे त्याचे परिणाम आहेत.

नव्या गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक तक्रारींचा शोध मी तरी नेहमी बॅटरीपासून सुरू करावा असंच सांगेन. कारण ही तपासणी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त वेळा वगळली जाणारी आहे. गाडी काही तास बंद राहिल्यावर पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. १२.२ म्हणजे ती अर्धीच उरली. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल, तर इंजिन सुरू होईल कदाचित, पण त्या अर्ध्या-एक सेकंदात काही मॉड्यूल बंद पडून पुन्हा सुरू होतात, आणि उठल्यावर शेजारी दिसला नाही म्हणून तक्रार नोंदवतात.

पुण्यातली चाल याला पोषक आहे. हिंजवडी ते कोथरूड रोजचा प्रवास, अर्धा वेळ उभ्या गाडीत एसी, पंखा, वायपर, दिवे, मागच्या काचेचा हीटर चालू. शनिवार-रविवार गाडी तळघरात उभी. बॅटरी पूर्ण भरायची वेळच येत नाही. त्याचं पहिलं लक्षण फारसं कोणी टिपत नाही: सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं थांबतं. बॅटरीत पुरेसा दम नाही हे गाडीला कळलेलं असतं, म्हणून ती स्टार्ट-स्टॉप वापरत नाही. एसीचा भार, इंजिनाचं तापमान अशी दुसरी कारणंही असू शकतात. पण स्टार्ट-स्टॉप आठवडेच्या आठवडे बंद असेल, तर बॅटरी तपासून घ्या.

चार्जिंग तपासताना जुना नियम जसाच्या तसा लावता येत नाही. पूर्वी इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसलेच पाहिजेत असं म्हणत. आजच्या अनेक गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला एक सेन्सर बसवलेला असतो. तो बॅटरीची स्थिती मोजतो आणि त्याप्रमाणे अल्टरनेटर कमी-जास्त चालवला जातो. पेट्रोल-डिझेल वाचवायला गाडी काही वेळ मुद्दाम कमी व्होल्टेजवर धावते आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चार्जिंग वाढवते. मीटरवर क्षणभर १२.८ दिसलं म्हणून अल्टरनेटर गेला असा निकाल देणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.

याच सेन्सरमुळे बॅटरी बदलणंही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर तशी नोंद गाडीत करावी लागते, नाहीतर ती जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशोबानेच चार्ज करत राहते. जिथे एजीएम (जास्त भार सोसणाऱ्या प्रकारची) बॅटरी आहे तिथे एजीएमच बसवायची. काही मर्सिडीजमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी दुय्यम बॅटरीही असते; ती संपली की वेगळाच संदेश येतो आणि मुख्य बॅटरी कितीही वेळा बदलली तरी तो जात नाही.

बॅटरी काढून लावल्यानंतर किंवा जंप स्टार्टनंतर ईएसपीचा दिवा राहिला, तर आधी गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि थोडं अंतर चालवा. अनेक गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर आपला शून्य विसरलेला असतो, तो असा परत सापडतो.

एक तपास, सुरुवातीपासून

आता बाणेरहून निघालेल्या त्या गाडीकडे येऊ. बॅटरी ठीक निघाली. स्कॅनमध्ये ब्रेकच्या मॉड्यूलचा एक कोड: डावं पुढचं चाक, सिग्नल मधूनमधून जातोय. बाकी मॉड्यूलांत फक्त 'ब्रेककडून आलेली माहिती अवैध'. म्हणजे उगम सापडला, बाकीच्यांना हात लावायची गरज नाही.

घाईचं गॅरेज इथे सेन्सर मागवतं. काळजीचं गॅरेज आधी लाइव्ह डेटा उघडतं. एकजण गाडी सरळ रस्त्यावर वीस-तीसच्या वेगाने चालवतो, दुसरा स्कॅनरवर चारही चाकांचे आकडे पाहतो. तीन चाकं पंचवीस दाखवतायत, चौथं पंचवीस, शून्य, पंचवीस, शून्य असं उडतंय. खड्ड्यात जास्त उडतं की वळताना? वळताना उडत असेल, तर संशय सेन्सरच्या वायरीवर, कारण चाक वळलं की ती वायर वाकते आणि वर्षानुवर्षं वाकून आतली तार तुटते. वरचं आवरण शाबूत दिसतं. गाडी लिफ्टवर घेऊन वायर हाताने हलवत आकडे पाहिले की हे कळतं.

वायर चांगली असेल तर कपलर उघडायचा. आत पाणी, पिनांवर हिरवट थर, किंवा एखादी पिन मागे सरकलेली. पुण्याच्या पावसाळ्यात उत्तर इथेच सापडण्याची शक्यता बरीच असते. पिना साफ करून, कपलरचं रबर सील बदलून काम होतं.

तेही ठीक असेल तर हब बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते. आजच्या बहुतेक गाड्यांत बेअरिंगच्या एका तोंडावर चुंबकी रिंग असते आणि सेन्सर तिच्यावरून वेग मोजतो. त्या रिंगवर लोखंडाचा चुरा चिकटला, ती भेगाळली, किंवा बेअरिंगला ढिलाई आली की सिग्नल बिघडतो. इथे एक प्रश्न गॅरेजने विचारला नाही तरी तुम्ही सांगा: नुकतंच बेअरिंग बदललं होतं का? बेअरिंगची दोन्ही तोंडं डोळ्यांना जवळपास सारखी दिसतात. चुंबकी रिंग बाहेरच्या बाजूला करून ते उलटं बसलं, तर चाक छान फिरतं, आवाज येत नाही, आणि सेन्सरला काहीच दिसत नाही. अशा गाडीत तीन नवे सेन्सर लावले तरी दिवा तसाच राहणार.

या सगळ्यानंतर उरला तर सेन्सर, आणि सगळ्यांत शेवटी मॉड्यूल. 'मॉड्यूल गेलंय, दीड लाख' हे वाक्य पहिल्या तासाभरात ऐकू आलं, तर वायरिंगमधला वीजपुरवठा, अर्थिंग आणि कपलर कसे तपासले, ते विचारा. मॉड्यूलला व्होल्टेज पोचतो का हे ते काढून बाजूला ठेवून मोजणं पुरेसं नसतं. ते जोडलेलं आणि काम करत असताना अर्थच्या वायरीवर किती व्होल्ट पडतात हे मोजावं लागतं. गंजलेला अर्थिंगचा बोल्ट मीटरला ठीक दिसतो आणि प्रत्यक्ष भार आला की दगा देतो.

मॉड्यूल एकमेकांशी बोलतच नसतील तर कॅनच्या दोन वायरींमधला रोध मोजतात. दोन टोकांना १२० ओहमचा एक-एक रोधक असतो, म्हणून वीज बंद असताना मीटरवर ६० ओहमच्या जवळपास यायला हवं. १२० आलं तर एका टोकाकडची साखळी तुटलीय. जिथे मधे गेटवे मॉड्यूल, म्हणजे कॅनच्या वेगवेगळ्या शाखांना जोडणारं मॉड्यूल, बसवलेलं असतं तिथे हे माप सॉकेटवर न घेता त्या-त्या शाखेवर घ्यावं लागतं. ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र, असणारं गॅरेज याहून खोलात जाऊ शकतं. पुण्यात अशी स्वतंत्र गॅरेजं आहेत आणि त्यांच्याकडे जायला हरकत नाही.

पाऊस, पानं, उंदीर

काही कारणं या शहराच्या राहणीतून येतात. सनरूफची गाडी गुलमोहराखाली उभी राहते. सनरूफच्या चौकटीत चारही कोपऱ्यांना पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. पानं-फुलं-माती अडकून त्या तुंबल्या की पाणी छतातून आत उतरतं आणि कार्पेटखाली किंवा डिकीच्या खळग्यात साचतं. अनेक गाड्यांची मॉड्यूल आणि कपलर नेमके तिथेच असतात. कार्पेट वरून कोरडं वाटतं, खालचा फोम मात्र पाण्याने भरलेला. इंजिन, सीट, ऑडिओ असे संबंध नसलेले संदेश पावसाळ्यात एकत्र आले, तर पायाखालचं कार्पेट उचलून पाहायला सांगा. पावसाळ्याआधी या नळ्या साफ करून घेणं हे सगळ्यांत स्वस्त काम आहे.

पार्किंगमध्ये उंदीर गरम इंजिनाशेजारी येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात. संदेश रात्रीतून आले, आधी काहीच नव्हतं, असं असेल तर बॉनेट उघडून लेंड्या, पानांचा-कापसाचा ढीग, कुरतडलेलं आवरण शोधा. कुरतडलेली वायर टेप गुंडाळून सोडू नका. ती सोल्डर किंवा योग्य क्रिंप करून सीलबंद व्हायला हवी, नाहीतर पुढच्या पावसात तीच तक्रार परत येते.

जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकता नगरी भागात पाणी शिरलं, तेव्हा कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाण्यात राहिलेली गाडी बाहेरून सुकली, सुरू झाली, तरी कपलरमधल्या पिना पुढच्या काही महिन्यांत गंजत जातात. सेकंडहँड आलिशान गाडी घेताना सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या शेवटच्या टोकावर चिखलाची रेघ पाहावी आणि संपूर्ण स्कॅन करून घ्यावा.

पुढच्या सीटखाली पाण्याची बाटली, छत्री, लहान मुलांचे बूट सरकवले जातात आणि तिथला पिवळा कपलर हलतो. मग एअरबॅगचा दिवा लागतो. सीट ड्रायक्लीन करून आणल्यावरही हे होतं. पिवळ्या वायरींना मात्र स्वतः मीटर लावू नका, साध्या वायरमनलाही लावू देऊ नका. एअरबॅगचं काम बॅटरी काढून, थोडा वेळ थांबून, माहितगार माणसानेच करायचं असतं.

डिझेल गाडी फक्त शहरात फिरत असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरल्याचा संदेश येतो. काजळी जाळायला गाडीला सलग, जरा वेगाची चाल लागते. संदेश पिवळा असतानाच एक्सप्रेसवेवर फेरी मारून आणली तर बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. ॲडब्लू, म्हणजे डिझेलचा धूर शुद्ध करायला लागणारं द्रव, संपत आल्याचा उलटा मोजणारा संदेश वेगळा. शून्यावर आला की बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका.

कुठे न्यायची

वॉरंटी असेपर्यंत शोरूमच. त्यात वाद नाही. वॉरंटी संपल्यावर खरा फरक उपकरणाचा आणि माणसाचा. मर्सिडीजसाठी झेंट्री, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, ऑडी-फोक्सवॅगनसाठी ओडिस ही कंपन्यांची आपली सॉफ्टवेअर. नवं मॉड्यूल बसवून ते गाडीला ओळखायला लावणं अनेकदा कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय होत नाही. अशा कोडिंगच्या वेळी गाडीला स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर लावलेला असायलाच हवा. मधेच व्होल्टेज पडला तर चांगलं मॉड्यूल निकामी होऊ शकतं. पुढची काच बदलली असेल तर काचेमागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन झालं का, तेही विचारा.

मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात गाड्या जोडतेय, फोक्सवॅगनचा कारखाना २००९ पासून चाकणला आहे. अशा कंपन्यांत किंवा शोरूममध्ये वर्षं काढून स्वतःचं गॅरेज टाकलेले तंत्रज्ञ या शहरात भेटतात. त्यांना अडचण असते ती माहितीची आणि साधनांची. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला तो याच मुद्द्यावर: सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळत नव्हती. कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यातही वाहनं आहेत. ग्राहकाच्या बाजूने ही हालचाल मला फार मोलाची वाटते, कारण गाडी आपण विकत घेतली असेल तर ती काय म्हणतेय हे वाचण्याचा हक्कही आपलाच असायला हवा.

गॅरेज कुठलंही असो, काम देताना जॉब कार्डवर 'एबीएस सेन्सर बदलणे' असं लिहू देऊ नका. 'अमुक संदेश येतात, कारण शोधणे' असं लिहा आणि त्या शोधाचे पैसे आधी ठरवा. तंत्रज्ञाचे दोन तास गेले आणि उत्तर गंजलेली पिन निघालं, तरी ते दोन तास त्याचे आहेत. ते पैसे खळखळ न करता द्या. जिथे शोधाचे पैसे मिळत नाहीत, तिथे पार्टच विकावे लागतात.

काम झाल्यावर दिवा गेला एवढ्यावर गाडी ताब्यात घेऊ नका. आधी जुने कोड उडवून, ज्या परिस्थितीत संदेश आला होता तशीच चाचणी झाली पाहिजे: वळताना येत होता तर वळणं, थंड इंजिनावर येत होता तर रात्रभर उभी ठेवून सकाळी, पाण्यामुळे येत होता तर बॉडीवर भरपूर पाणी मारून. काही तपासण्या गाडी स्वतःच अनेक किलोमीटर चालल्यावर पूर्ण करते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस गॅरेजवाल्याचा नंबर हाताशी ठेवा. मग पुन्हा संपूर्ण स्कॅन, त्याचा रिपोर्ट पहिल्या रिपोर्टशेजारी ठेवून पाहायचा. उगमाचा कोड गेला आणि त्याच्यामागून आलेले बाकीचेही परत आले नाहीत, तर शोध बरोबर होता. उगमाचा गेला पण दुसऱ्या मॉड्यूलचा एखादा राहिला, तर त्याचा शोध वेगळा, आणि त्याचं जॉब कार्डही वेगळं.